वर्गणीचे गाणे आणि मालकीचा कागद

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांचे अभंग गाण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. टाळ, मृदंग, वीणा आणि गाणारे गळे असले की सप्ताह उभा राहतो आणि त्याचा खर्च गावाच्या वर्गणीतून निघतो. गोंधळ्यांना सुपारी, कीर्तनकाराला बिदागी, तमाशात दौलतजादा, अशा लोककलेच्या मिळकतीच्या जुन्या रीती आहेत. या सर्वांत पैसा मिळतो तो समोर होणाऱ्या प्रयोगाचा.

ध्वनिमुद्रणात मात्र खर्च आधी होतो आणि श्रोता नंतर येतो. स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, मिक्सिंग, मास्टरिंग हे सारे गाणे कुणी ऐकण्यापूर्वीच द्यावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘अभंग रिपोस्ट’सारखे बँड संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने मांडतात. अशा स्वतंत्र बँडला नवे गाणे मुद्रित करायचे तर पैसा कोठून आणायचा, हा पहिला प्रश्न असतो. त्या गाण्याचा मालक कोण, हा दुसरा प्रश्न त्यातूनच निघतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारा तो निर्माता. त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे अभंग सर्वांचा असला तरी त्याचे विशिष्ट मुद्रण एका कंपनीचे असू शकते. बँडने अभंगाला नवी चाल लावली असेल, तर त्या चालीचा हक्क आणखी वेगळा.

कंपनीला वळसा घालण्याचे दोन मार्ग दिसतात. पहिला प्रायोजकाचा. लोकसंगीत आणि रॉकचा मेळ घालणाऱ्या दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१०मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी प्रायोजकाच्या पाठबळावर एकेक करून विनामूल्य दिली. दुसरा मार्ग लोकवर्गणीचा. त्याचे ठळक उदाहरण चित्रपटातले आहे : श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. आजचे बँड ऑनलाइन निधी मागतात, तेव्हा तीच रीत नव्या साधनाने चालते. श्रोता अल्बमची किंमत आगाऊ देतो. निर्मितीची जबाबदारी, आणि म्हणून मालकीही, बँडकडे राहते.

अर्थात, नुसती वर्गणी पुरत नाही. बँडमध्ये चार-पाच जण असतात. निर्माता कोण, हे लिहिलेले नसेल तर पहिल्या कमाईबरोबर भांडण येते. कंपनीशी करार करायचा झाल्यास कायद्यातील दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल, तर ते भारतापुरते मानले जाते. शिवाय २०१२च्या दुरुस्तीनंतर मुद्रणासाठी हक्क सोपवले, तरी गीतकार-संगीतकाराचा समान वाट्याच्या रॉयल्टीवरील दावा संपत नाही.

वर्गणीच्या वहीत गाव प्रत्येक रुपयाची नोंद ठेवते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून उद्या एखादा बँड निधी मागायला निघाला, तर त्याने त्या वहीच्या पहिल्या पानावर गाण्याची मालकी लिहावी, आणि मग पहिली पावती फाडावी.