चाकातली हवा आणि बोटांतल्या मुंग्या

सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवणारे आता पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांत सर्रास दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार सारखीच असते. लांब पल्ल्यानंतर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मुंग्या येतात. कधी दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणे लावतानाही बोटे नीट वळत नाहीत. मग जाड हातमोजे घेतले जातात, हँडलची उंची बदलली जाते. हे उपाय योग्यच आहेत. पण चाकात हवा किती भरली आहे, हे पाहायचे राहून जाते.

मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून अल्नर नावाचा मज्जातंतू तळहातात उतरतो. हँडलवर रेललेल्या हाताचा भार नेमका तिथे पडतो. त्यात रस्त्याची थरथर तासन् तास मिळत राहिली, की हा मज्जातंतू तक्रार करू लागतो. बहुतेकांना विश्रांतीने आराम पडतो. मात्र बधिरपणा काही दिवसांत गेला नाही, किंवा पकड कमजोर झाली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. ही थरथर हातापर्यंत किती पोहोचणार, हे बऱ्याच अंशी टायरमधल्या दाबावर ठरते.

टायर जितका टणक, तितकी सायकल वेगवान, असा जुना समज आहे. गुळगुळीत पोलादी ढोलावर टायर फिरवून पाहिला तर तो खराही ठरतो. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दाब वाढवला की दबणे कमी, म्हणून नुकसानही कमी. पण खडबडीत डांबरी रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खडीवरून उडतो आणि स्वाराचे अंग हलवतो. ती ऊर्जा स्नायूंत आणि मऊ ऊतींत जिरते. म्हणजे एका मर्यादेपुढे दाब वाढवला, तर हातही दुखतात आणि वेगही घटतो. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे शर्यतीत ५० किलोमीटरहून अधिक वाट दगडी फरसबंदीची असते. तिथे जगातले सर्वांत वेगवान स्वार रुंद टायर लावतात आणि हवा कमी भरतात, ती याचसाठी.

हवेच्या टायरचा जन्मही हादरे कमी करण्यासाठीच झाला. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो बनवला होता.

रुंद टायरला कमी हवा का पुरते, हे वैद्यकातल्या एका नियमाने समजते. लाप्लासच्या नियमानुसार नळीच्या भिंतीवरचा ताण दाबावर आणि नळीच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. महाधमनी फुगली की तोच रक्तदाब तिच्या भिंतीला अधिक ताणतो, तो याच कारणाने. टायरचेही तसेच. २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १०० पीएसआय दाबाने जेवढा ताण येतो, तेवढा २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये सुमारे ८२ पीएसआयला येतो. जुन्या अरुंद टायरचा आकडा नव्या रुंद टायरला तसाच लावला, तर चाक दगडासारखे होते.

आता लेटेक्सच्या ट्यूबविषयी. नेहमीची काळी ट्यूब ब्युटाइल या कृत्रिम रबराची असते. लेटेक्सची ट्यूब नैसर्गिक रबराची, पातळ आणि अधिक लवचीक असते. दबण्या-सुटण्यात ती कमी ऊर्जा खाते, त्यामुळे काही वॅटची बचत होते. पण हवा तिच्यातून झिरपते. ब्युटाइलच्या ट्यूबला आठवडाभर जेवढी हवा कमी होते, तेवढी किंवा त्याहून अधिक लेटेक्समधून एका दिवसात जाऊ शकते. म्हणून कालचा आकडा आज धरून चालत नाही. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी दाब मोजावाच लागतो. वाटेत पंक्चर काढून कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरली, तर ती आणखी लवकर जाते. हा वायू रबरात सहज विरघळतो. घरी आल्यावर तो काढून साधी हवा भरावी.

योग्य दाब शोधायचा कसा? टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादा असतो, शिफारस नव्हे. सुमारे ७० किलोच्या व्यक्तीने २८ मिलिमीटरच्या टायरसाठी मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार अधिक असतो, म्हणून हा फरक. वजन अधिक असेल तर आकडा वाढवावा, कमी असेल तर उतरवावा. मग रोजच्या रस्त्याचा तीन-चार किलोमीटरचा एकच टप्पा निवडून दर फेरीला ३ पीएसआय कमी करत जावे. हँडलची थरथर हळूहळू शांत होते. वळणावर सायकल लुळी वाटू लागली, किंवा खड्ड्यात रिम खणकन आपटली, की एक पायरी मागे यावे. तो आपला आकडा. याहून हवा कमी झाली तर ट्यूब रिमखाली चिमटली जाऊन पंक्चर होते.

रक्तदाबाप्रमाणे इथेही मोजण्याची शिस्त हवी. दर वेळी तोच पंप, तोच दाबमापक वापरावा, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात. मोजणी सावलीत, चाक थंड असताना करावी. तापमान २० अंशांनी वाढले तर ८० पीएसआयचा दाब सुमारे ६ पीएसआयने चढतो. दिवसभर चालवायचे असेल तर लेटेक्सच्या ट्यूबमध्ये दोन-तीन पीएसआय अधिक भरावे आणि छोटा पंप जवळ ठेवावा. पावसात मात्र थोडी कमी हवा बरी. टायर रस्त्याला नीट चिकटतो.

काही पथ्ये पाळायलाच हवीत. टायर आणि रिम, दोन्हींच्या कमाल मर्यादा पाहाव्यात आणि त्यांपैकी लहान आकडा ओलांडू नये. कडेला आकडी नसलेल्या नव्या रिमसाठी मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते. लेटेक्सला उष्णता सोसत नाही. कार्बनच्या रिमवर घासणारे ब्रेक असतील, तर लांब घाट उतरताना रिम तापून ट्यूब फुटू शकते. अशा सायकलला ब्युटाइलच बरी. आणि ज्यांना लेटेक्सच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी आहे, त्यांनी या ट्यूबला हात लावू नये. बसवताना लावलेल्या पावडरीबरोबर ॲलर्जी आणणारी प्रथिने नाकातोंडात जाऊ शकतात.

महागडी सायकल घेणाऱ्यांनी या सगळ्यासाठी एक चांगला दाबमापक आणि छोटी वही घ्यावी. वहीत तारीख, रस्ता, पुढच्या-मागच्या चाकाचा दाब आणि फेरीनंतर बोटे कशी होती, एवढेच लिहावे. चार-पाच फेऱ्यांत आपला आकडा सापडतो. त्यानंतरही मुंग्या येत राहिल्या, तर दोष हवेचा नाही, हे कळते आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही कामी येते.