कोंबडं झाकू नका, तांबडं फुटू द्या!

रविवार. सकाळचे अकरा. चिकनच्या दुकानासमोर ही रांग! ओंडक्यावर सुरा ठक-ठक वाजतोय आणि दुकानदार मान वर न करता विचारतो, "स्किन काढू की ठेवू?"

आज बिनधास्त सांगा, "ठेवा!"

कारण आज रस्सा नाही, सुकं नाही. आज ओटीजीवरचं कव्हर निघणार आणि चिकन असं भाजलं जाणार की पहिल्या घासाला 'कुर्रर्र' झालंच पाहिजे. तेही कढईभर तेल न तापवता! ओव्हन तापेपर्यंत वेळ आहे ना? मग या, गप्पा मारू.

माहीत आहे का? कुरकुरीत चिकनचा एक नंबरचा शत्रू कोण? पाणी! पाणी उकळतं १०० अंश सेल्सिअसला. खरपूस रंग आणि खमंग वास यांची खरी मैफल रंगते साधारण १४० अंशांच्या पुढे. कातडीवर ओल आहे तोवर तिथलं तापमान शंभरीच्या आसपासच अडकून बसतं. ओव्हनचा काटा २२० वर असू दे, आत चिकन निवांत वाफ घेतंय! आपल्याला वाटतं भाजतंय, प्रत्यक्षात ते उकडतंय. सगळा खेळ इथेच आहे, मंडळी. पुढे ज्या पावडरी, पिठं, पंखे आणि जाळ्या येतील, त्या सगळ्यांचं काम एकच: या पाण्याला बाहेरचा रस्ता दाखवणं.

आणि तो खमंग वास? त्याला चक्क एका फ्रेंच माणसाचं नाव आहे. लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली आणि मिश्रण तपकिरी झालं. गडी स्वयंपाकघरात नव्हता बरं, प्रयोगशाळेत होता! 'मायार रिअ‍ॅक्शन' ती हीच. पावाची तांबूस पाठ, भाजलेली कॉफी, आपलं आजचं चिकन, सगळीकडे मायारसाहेब हजर.

आता आजच्या शोचा हिरो. ड्रमरोल प्लीज... बेकिंग पावडर!

हो, केकमधलीच. एक किलो चिकनला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चवीपुरतं मीठ, कोरड्या कातडीला सगळीकडून चोळायचं. ही पावडर किंचित अल्कधर्मी, म्हणून मायारसाहेबांचा वेग वाढतो आणि रंग लवकर चढतो. शिवाय ओलीशी गाठ पडली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सुटतात. कातडीवर इवले इवले फुगे उठतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रत्येक फुगा स्वतंत्रपणे कुरकुरतो. पावडरीतला स्टार्च उरलीसुरली ओल टिपून घेतो ते वेगळंच. एका चमच्यात तीन कामं! डब्यावर 'अ‍ॅल्युमिनियम नाही' असं लिहिलेली पावडर मिळाली तर तीच घ्या, चव स्वच्छ राहते.

पण सोडा नाही हं! बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर ही जुळी भावंडं दिसतात, पण स्वभाव वेगळे. एकदा घाईत माझ्या हाताला सोड्याचा डबा लागला. रंग अप्रतिम आला, चव मात्र कडवट, साबणासारखी. अख्खा ट्रे वाया गेला आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दोन्ही डब्यांवर मार्करने ठळक नावं आहेत. तुम्हीही लिहाच.

या पावडरीमागे एक लव्हस्टोरी आहे, माहीत आहे का? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अल्फ्रेड बर्ड नावाचे केमिस्ट होते. बायकोला यीस्ट सोसायचं नाही. मग तिला पाव खाता यावा म्हणून या पठ्ठ्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली. तिला अंडंही चालत नव्हतं, म्हणून त्याआधी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड! आपल्या फ्रूट सॅलडमधली कस्टर्ड पावडर ती हीच बरं का. आडनावही काय, तर बर्ड! पक्ष्याची कातडी कुरकुरीत करायला पक्षीच धावून आला.

आता फ्रिजकडे वळू. पावडर आणि मीठ चोळलेलं चिकन जाळीवर मांडा, खाली ताट ठेवा आणि झाकण न लावता रात्रभर फ्रिजमध्ये. (आजच भाजायचंय? मग हे पुढच्या रविवारसाठी, चिकन आदल्या दिवशीच आणा!) इतर काही उघडं असेल तर ते सगळ्यात खालच्या कप्प्यापासून दूर, आणि चिकन सगळ्यात खाली. सकाळी दार उघडून बघा. काल जी कातडी फिकट, ओलसर, बोटाला चिकटणारी होती, ती आज बटर पेपरसारखी ताणलेली, अर्धपारदर्शक झालेली असते. बोट फिरवलं तर कोरडं सरकतं. मीठ आधी आतलं पाणी बाहेर ओढतं, मग त्याचाच खारट रस हळूहळू परत मांसात मुरतो. वरून कोरडं, आतून रसाळ. फ्रिज आपला फुकटचा हेअर ड्रायर!

"पण धुतलं का नीट?" आलाच ना प्रश्न आतल्या खोलीतून? आपल्याकडे चिकन तीन पाण्यांतून काढल्याशिवाय चैन पडत नाही. अमेरिकेचं कृषी खातं मात्र सांगतं, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जंतू सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत पोचतात. जंतू मरतात ते उष्णतेने: आतलं तापमान ७४ अंश झालं की झालं. घरात वाद नको असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा, मग सिंक घासून काढा आणि चिकन टिश्यूने टिपून, टिपून, टिपून कोरडं करा. तीनदा लिहिलंय, कारण तीनदा टिपायचंय!

क्विझ टाइम! २०० अंशांच्या ओव्हनच्या हवेत हात क्षणभर घातला तर ऊब लागते, पण १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात घातला तर भाजून फोड. असं का? कारण हवा उष्णता पोचवण्यात फार आळशी. म्हणूनच तेलात पंधरा मिनिटांत तळलं जाणारं चिकन ओव्हनमध्ये पाऊण तास घेतं. (हात घालून खात्री करू नका, माझ्यावर विश्वास ठेवा!)

या आळशी हवेला पळवायचा उपाय म्हणजे पंखा. ओटीजीला कन्व्हेक्शनचं बटण असेल तर लावाच. आणि एअर फ्रायर? नावात 'फ्रायर', पण तो तळत काहीच नाही! छोटीशी जागा, वर तापलेली कॉइल आणि भन्नाट पंखा: तो खरं तर खिशातला ओव्हनच. डच संशोधक फ्रेड व्हॅन डर वेई यांची ही कल्पना फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जगासमोर आणली.

मायक्रोवेव्हचं काय? पर्सी स्पेन्सर हे अमेरिकी इंजिनिअर १९४५ च्या सुमारास रडारच्या यंत्राजवळ उभे होते आणि खिशातलं चॉकलेट वितळलं. त्यातून मायक्रोवेव्ह जन्मला. १९४७ चं पहिलं मॉडेल माणसाएवढं उंच आणि वजन सुमारे ३४० किलो! पण कुरकुरीत चिकनसाठी याच्या वाटेला जाऊ नका. तो अन्नातल्या पाण्यालाच तापवतो, आणि पाणी म्हणजे... शत्रू! लक्षात आहे ना?

पीस कुठला घ्यायचा? डोळे मिटून लेग! कोंबडी दिवसभर चालते, म्हणून पायाच्या स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन जास्त, मांस गडद आणि चरबीही बरी. ब्रेस्ट जरा जास्त तापला की कोरडाठक्क. लेग मात्र ८० अंशांपलीकडे गेला तरी मजेत असतो, कारण त्यातलं कोलॅजेन वितळून जिलेटिन होतं आणि घास मऊसूत लागतो.

कोलॅजेनवरून आठवलं. टी-रेक्स! ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका टी-रेक्सच्या मांडीच्या हाडात संशोधकांना कोलॅजेनचे अंश सापडले. २००८ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा आजच्या प्राण्यांत सर्वांत जवळचे नातेवाईक निघाले शहामृग आणि... कोंबडी! आज ट्रेमध्ये कोण पहुडलंय, ते जरा आदराने बघा.

विंग्जप्रेमी, हात वर करा. एकेकाळी अमेरिकेत पंख म्हणजे सूपचा स्टॉक करायची वस्तू होती. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बारमध्ये, टेरेसा बेलिसिमो यांनी ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवले आणि इतिहास घडला. म्हणजे 'बफेलो विंग्ज'मध्ये म्हैस शोधू नका, ते गावाचं नाव! २०२३ च्या सुपर बोल फुटबॉल सामन्याच्या वेळी अमेरिकन लोक १४५ कोटी विंग्ज फस्त करतील, असा तिथल्या नॅशनल चिकन कौन्सिलचा अंदाज होता. घरी करायचे तर पंख हा ओव्हनचा लाडका: मांस कमी, कातडी जास्त, म्हणजे कुरकुर जास्त!

"आमच्याकडे बिनस्किनचंच आणतात हो." नो टेन्शन! कातडी नसेल तर तिला कोट शिवू.

कोट नंबर एक, कॉर्नफ्लेक्स. दह्यात मुरवलेलं चिकन चुरलेल्या कॉर्नफ्लेक्समध्ये घोळवा, वर ब्रशने थोडं तेल, बस्स. आता गंमत ऐका. १८९४ मध्ये मिशिगनच्या बॅटल क्रीकमधल्या आरोग्यधामात केलॉग बंधूंची गव्हाची उकड तशीच पडून राहिली, लाटली तर तिच्या पापड्या झाल्या आणि त्यातूनच पुढे कॉर्नफ्लेक्स आले. थोरले डॉक्टर जॉन केलॉग कट्टर शाकाहारी! त्यांच्या शोधाने आज कोंबडीला कपडे चढतायत.

कोट नंबर दोन, पांको, म्हणजे जपानी ब्रेडक्रम्ब. याचा पाव बऱ्याचदा भट्टीत भाजतच नाहीत, पिठातून थेट विजेचा प्रवाह सोडतात! म्हणून त्याला तांबूस कडाच येत नाही आणि चुरा पांढराशुभ्र, हलका, टोकदार होतो.

आणि माझा लाडका, घरचा कोट: टोस्टचा चुरा. तोच, जो आई कटलेटसाठी बरणीत जपून ठेवते. टोस्ट म्हणजे पाव भाजून, कापून, पुन्हा भाजलेला. पाणी आधीच पसार! माहीत आहे का, 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थच 'दोनदा भाजलेलं' असा आहे? चुऱ्यात मूठभर बारीक रवा मिसळा. सुरमईला रवा लावणाऱ्या कोकणाला आणि गोव्याला हे वेगळं सांगायला नको. फक्त रव्याला तेलाचा हात हवाच, नाहीतर ओव्हनमध्ये तो कोराच राहतो.

कोट चिकटत नाही? हे दुखणं जुनं आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट बेकर यांनी १९६३ मध्ये चिकनच्या लगद्याचे पीस केले आणि गोठवलं-तळलं तरी आवरण सुटणार नाही, अशी पद्धत शोधली. नगेट्सचे जनक हेच! पेटंट घेतलंच नाही, कृती सरळ सगळ्यांसाठी छापून टाकली. केवढं मोठं मन! आपला घरगुती मंत्र सोपा आहे: कोरडं पीठ, मग अंडं, मग चुरा, आणि अर्धा तास फ्रिजमध्ये आराम.

आता थोडं स्पोर्ट्स! २०१० मध्ये इंग्लंडचा माजी प्रीमियर लीग विजेता फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, कोणी विकत घेतला? पुण्याच्या चिकनवाल्यांनी, म्हणजे वेंकीज समूहाने! ७ मे २०१२ ला तर एका सामन्यात क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात उतरली, नाराज चाहत्यांनी सोडलेली. त्याच रात्री संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला.

टिंग! ओव्हन तापला. २२० अंश, पीस जाळीवर, एकमेकांना न चिकटता. जाळी हवीच, थेट ट्रेवर ठेवलं तर खालची बाजू स्वतःच्याच रसात आंघोळ करते. पंचवीस मिनिटांनी उलटा, मग आणखी वीस. आणि वरून फॉइल? मुळीच नाही! आपली म्हण सांगते, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ओव्हनमध्ये उलट आहे: कोंबडं झाकलं की तांबडं फुटतच नाही! वाफ कोंडते आणि कातडी लिबलिबीत. बाहेर काढल्यावरही डब्यात भरून झाकण लावायचा मोह टाळा. पाहुणे उशिरा येणार असतील तर जाळीवर उघडं ठेवा आणि ते आले की पाच-सात मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये.

मध्येच एक प्रश्न. कुरकुरीत, खुसखुशीत, कुडकुडीत, चुरचुरीत... मराठीत किती शब्द आहेत ना! चकली कुडकुडीत, शंकरपाळे खुसखुशीत, भजी कुरकुरीत. अदलाबदल करून बघा, कानाला लगेच खटकतं. जपानी लोक तर याहून पुढे: पदार्थाचा पोत सांगणारे त्यांचे शब्द चारशेच्या वर!

आणि शेवटचा बॉम्ब. कुरकुरीतपणा जिभेला जेवढा कळतो, तेवढाच कानालाही कळतो, माहीत आहे का? ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे चिप्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज वाढवून ऐकवला. चिप्स तसेच, पण लोक म्हणाले, हे जास्त कुरकुरीत आणि ताजे! या संशोधनाला २००८ चं इग नोबेल मिळालं.

तर मंडळी, टायमर वाजलाय. जाळी बाहेर, पाच मिनिटं दम धरा, कातडी अजून बारीक तडतडतेय. वर लिंबू नको, ते वाटीत बाजूला. आता टीव्ही म्यूट करा, पंखाही बंद करा, आणि पहिला लेग पीस उचला. ऐका!