चांद एकच, दिसतात दोन

ईदचा चांद बघायला सगळे घर गच्चीवर जमते. कुणाला बारीक, स्वच्छ कोर दिसते. कुणाला एकीशेजारी दुसरी कोर दिसते, तर कुणाला नुसता पांढुरका फराटा. चांद एकच असतो. फरक बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळण देण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, करतो. उरलेले काम आतल्या भिंगाचे. कॉर्नियाचा उभा आणि आडवा बाक सारखा नसला की किरण एका बिंदूवर जमत नाहीत. इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी १८०१ साली असा दोष स्वतःच्याच डोळ्यात असल्याचे मोजून दाखवले होते. चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंडर’ लिहिलेला असतो, तो याच दोषाचा नंबर.

मग दिवसा ठीक दिसणाऱ्याला मगरिबनंतरच का त्रास होतो? उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात ती सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. कॉर्निया व भिंगाच्या कडेचे दोष तेव्हा उघडे पडतात. दिव्यांना काटे फुटतात, समोरच्या गाडीचा प्रकाश पसरतो. आपण डोळे बारीक करतो, ते नकळत या कडा झाकण्यासाठीच. जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून दूरची पाटी वाचून पाहा. अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष बहुधा चष्म्याने सुधारण्याजोगा आहे. नाहीच झाली, तर कारण दुसरे असू शकते. तपासणी मात्र दोन्ही वेळा हवी.

‘मुलीच्या जातीला चष्मा नको’ म्हणणारी घरे अजून आहेत. लहानपणी मोठा सिलिंडर नंबर तसाच राहिला, तर मेंदू त्या डोळ्याने नीट बघायला शिकतच नाही. मग उशिरा लावलेला चष्मा अपुरा पडतो.

वाढत्या वयातले मूल सारखे डोळे चोळत असेल आणि सिलिंडरचा नंबर दर तपासणीला बदलत असेल, तर नुसत्या नव्या काचा घालून थांबू नका. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, केराटोकोनस, असाच सुरू होतो. कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या टोपोग्राफी तपासणीत तो लवकर सापडतो. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केलेल्या क्रॉसलिंकिंगने त्याची वाढ बहुतेक वेळा थांबवता येते. बिघडलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून नव्या तपासणीला जाताना चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्याही सोबत न्या.