४,४९२ मते

औरंगाबाद लोकसभा मतदारसंघातून शिवसेनेचे चंद्रकांत खैरे १९९९ ते २०१४ या काळात सलग चार वेळा निवडून आले. १९८८ साली ते नगरसेवक झाले. पुढे १९९० आणि १९९५ मध्ये औरंगाबाद पश्चिमचे आमदार, मग युती सरकारात मंत्री. पहिल्याच लोकसभेला त्यांनी माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पाडले.

इथल्या प्रचाराचे सूत्र एकच होते: खान हवा की बाण हवा? बाण म्हणजे शिवसेनेची निशाणी, धनुष्यबाण. नाथसागर जलाशय जिल्ह्यातच असूनही शहरातल्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. पण खान-बाणाच्या या प्रश्नापुढे पाण्याचा हिशेब मागण्याची सवडच मतदाराला मिळत नसे. समोर काँग्रेसचा उमेदवार असो वा आणखी कुणी, बाणाचे भागत असे.

सूत्राला पहिला तडा २००९ मध्येच दिसला होता. अपक्ष शांतिगिरी महाराजांनी सुमारे दीड लाख मते घेतली आणि खैरे ३३ हजारांच्या फरकाने कसेबसे तरले. २०१४ च्या मोदी लाटेत मताधिक्य १ लाख ६२ हजारांवर गेले, तेव्हा तो तडा सगळेच विसरले.

२३ मे २०१९ रोजी मात्र मतमोजणी शेवटपर्यंत घासून चालली. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिट येते, जाळीपलीकडचे प्रतिनिधी सील आणि क्रमांक पाहून घेतात, मग निकालाचे बटण दाबले जाते. छोट्याशा पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो आणि जातो. तेवढ्यात तो कागदावर उतरवून घ्यायचा. मुरलेल्या कार्यकर्त्याला केंद्र क्रमांक ऐकूनच गल्ली कळते. आपल्या हक्काच्या गल्लीतून ट्रॅक्टरला मते निघू लागली की त्याचे पेन थबकते. ट्रॅक्टर ही निशाणी होती हर्षवर्धन जाधव यांची. शिवसेनेच्या तिकिटावर कन्नडचे आमदार झालेले आणि मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर राजीनामा दिलेले जाधव अपक्ष उभे राहिले आणि २,८३,७९८ मते घेऊन गेले. दुसरीकडे एमआयएमचे इम्तियाज जलील, पूर्वीचे पत्रकार, वंचित बहुजन आघाडीच्या साथीने लढत होते. काँग्रेस लाखाच्या आत अडकली. जलील यांना ३,८९,०४२ मते पडली, खैरेंना ३,८४,५५०.

फरक ४,४९२. त्यातली २,२४६ माणसे जलील यांच्याकडून खैरेंकडे वळली असती, तर बरोबरी झाली असती. केंद्रे होती दोन हजारांच्या आसपास. म्हणजे केंद्रामागे जेमतेम एक माणूस. पाच वर्षांत खैरेंची मते मात्र १ लाख ३६ हजारांनी घटली होती. पराभवाचे खापर जाधवांवर फोडणे सोपे होते आणि ते फोडलेही गेले. त्यांचे सासरे रावसाहेब दानवे तेव्हा भाजपचे प्रदेशाध्यक्ष असल्याने त्याला तिखटमीठही लागले. वीस वर्षांच्या खासदारकीचा हिशेब त्या गदारोळात पुन्हा राहूनच गेला.

२०२४ पर्यंत जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले होते. नामांतराच्या ज्या मागणीवर खैरेंची कारकीर्द उभी राहिली, ती पुरी झाली होती. शिवसेना फुटून धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला होता. खैरे ठाकरे गटाची मशाल घेऊन उतरले आणि बाण होता पैठणचे आमदार संदिपान भुमरे यांच्या हाती. पैठण तर जालना लोकसभेत मोडते. तरीही भुमरे १,३४,६५० मतांनी जिंकले, जलील दुसरे आले आणि २,९३,४५० मते मिळवून खैरे तिसऱ्या क्रमांकावर राहिले.