पिकअप गाडीच्या टपावर सौरवीज

गेल्या कांहीं वर्षांत खेड्यापाड्यांतून बैलगाडीची जागा लहान पिकअप गाडीनें घेतली आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. कांदा, द्राक्षें, भाजीपाला, खताच्या गोण्या, कडबा, असा सर्व भार ती वाहते; परंतु प्रसंगीं ती मालकाचें बिऱ्हाडहि होते, या गोष्टीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. कांद्याच्या हंगामांत लासलगांवसारख्या मोठ्या बाजाराच्या आवारांत वाहनांच्या रांगा लागतात, आणि लिलावांत आपली पाळी येईपर्यंत रात्र गाडींतच काढावी लागते. दूरच्या मळ्यांत रात्रीं पाणी देणें, तयार पिकाची राखण करणें, अशा कामांतहि तोच प्रसंग येतो. हौद्यावर ताडपत्रीचें किंवा पत्र्याचें छप्पर घालून, खालीं फळी व घोंगडी टाकून माणसें निजतात. या फिरत्या बिऱ्हाडास उजेड, थोडा वारा आणि फोनापुरती वीज निर्धोकपणें कशी मिळावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही कल्पना अगदींच नवी आहे असें नाहीं. अमेरिकेंत पिकअप गाडीच्या हौद्यावर लहानशी खोली बसवून प्रवास करण्याची चाल जुनी आहे. अशा खोलीस तिकडे ‘ट्रक कँपर’ म्हणतात. प्रसिद्ध लेखक जॉन स्टाइनबेक हे १९६० सालीं अशाच गाडींतून, सोबत एक कुत्रा घेऊन, सबंध देश पाहावयास निघाले होते. तिकडील लोक हौसेनें फिरावयास निघतात, आपला शेतकरी गरजेनें घराबाहेर रात्र काढतो, इतकाच भेद. आतां अशा खोल्यांच्या टपावर सौर प्लेट बसविण्याचा प्रघात तिकडे सर्रास पडला आहे, व त्यामागील हिशेब आपल्या गाडीसहि जसाचा तसा लागू पडतो.

आजची रीत आणि तींतील धोका

आज बहुतेक ठिकाणीं दिव्यासाठीं व फोनासाठीं गाडीच्या मूळ बॅटरीवरच तार जोडतात. आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें असेंच केलें होतें. रात्रभर दिवा व पंखा चालला, आणि पहांटे किल्ली फिरवितांच इंजिनानें नुसतें टक् टक् केलें. रांग पुढें सरकली, याची गाडी जागच्या जागीं राहिली. शेवटीं चार माणसें लावून ती ढकलावी लागली. तोंपर्यंत सकाळच्या लिलावाची पाळी निघून गेली होती. दुपारनंतर भाव उतरला, त्याचा तोटा दिव्याच्या उजेडाच्या मानानें किती झाला असेल, हें वाचकांनींच ताडावें.

यांतील शास्त्र समजून घेण्याजोगें आहे. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरींत शिशाचे पातळ पत्रे असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणें हें तिचें काम. ती पुनःपुन्हा खोलवर रिकामी केली, तर पत्रे लवकर खराब होतात. उलट, रात्रभर थोडी थोडी वीज देणाऱ्या बॅटरीचे पत्रे जाड असतात. म्हणून पहिला नियम हा कीं, बिऱ्हाडाची बॅटरी निराळी व इंजिनाची निराळी असावी.

बॅटरी उतरूं नये म्हणून कित्येक जण इंजिन चालू ठेवून निजतात, अथवा लहान जनरेटर गाडीजवळ लावतात. ही रीत तर प्राणघातक आहे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. बंद ताडपत्रीखालीं तो सांचला म्हणजे निजलेल्या माणसास जागहि येत नाहीं. गोणपाट व कडबा यांच्या शेजारीं कंदील ठेवण्यांतील भय तर सर्वांच्या परिचयाचें आहे.

आधीं खर्चाची बाजू मांडावी

आमची उभी हयात महसुलाच्या कचेरींत जमाबंदीचे कागद लिहिण्यांत गेली. त्यामुळें कोणतेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं जमा व खर्च समोरासमोर मांडून पाहण्याची आम्हांस सवय आहे; आणि सौरविजेइतकें हिशेबाचें पक्कें काम दुसरें क्वचितच असेल. पुष्कळ लोक आधीं प्लेट विकत घेतात व मग तिच्यावर काय काय चालेल तें विचारतात. हें म्हणजे जमिनीची मोजणी न करतां बियाणें आणण्यासारखें होय.

एका रात्रीचा खर्च असा धरावा. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे ५ तास जळाले तर ५० वॅट-तास. १५ वॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा लहान पंखा ८ तास फिरला तर १२० वॅट-तास. दोन फोन भरावयास सुमारें ३० वॅट-तास. एकूण बेरीज २०० वॅट-तास. यांत पंख्याचा वांटा निम्म्याहून अधिक आहे, हें लक्षांत ठेवावें. काटकसर करावयाची झाल्यास ती तेथेंच करावी.

विजेच्या शेगडीची आशा मात्र कोणीं धरूं नये. १००० वॅटची शेगडी एक तास चालली कीं वरील हिशेबाच्या पांच रात्रींची वीज संपली. पाण्याच्या मोटारीचीहि तीच कथा. सौर कृषिपंपासाठीं २०१९ सालीं सुरू झालेली पीएम-कुसुम योजना व हा टपावरचा लहानसा संच यांची गल्लत करूं नये.

मग जमेची बाजू

उजेडापासून वीज उत्पन्न होते, हा शोध फ्रान्समधील बेकेरेल यांनीं १८३९ सालीं लावला. परंतु उपयोगी पडेल अशी सिलिकॉनची सौरघटिका अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाली. ती तिच्यावर पडणाऱ्या उन्हाच्या शेंकडा ६ भागाचीच वीज करीत असे. आज बाजारांत मिळणाऱ्या चांगल्या प्लेटा शेंकडा २० च्या घरांत वीज देतात, म्हणूनच लहानशा टपावर काम भागूं लागलें आहे.

आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर पूर्ण उन्हाचे सुमारें ५ तास दिवसास पदरांत पडतात. १०० वॅटची प्लेट घेतली तर ५०० वॅट-तास व्हावेत. परंतु उष्णता, धूळ, तारा व बॅटरी यांत सुमारें शेंकडा ३० ची घट येते. हातीं ३५० राहतात. पावसाळ्यांत पूर्ण उन्हाचे तास ३ धरले, तर याच रीतीनें २१० उरतात. म्हणजे २०० च्या खर्चास १०० वॅटची प्लेट उन्हाळ्यांत सढळ व पावसाळ्यांत जेमतेम पुरते. झडीचे दिवस लागले तर एवढेंहि मिळणार नाहीं. त्या दिवसांत पंखा बंद ठेवावा, व हवाहि तेव्हां गारच असते.

उष्णतेनें घट येते हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. प्लेटेस ऊन हवें, ताप नको. २५ अंशांवर दर अंशामागें तिचें उत्पन्न शेंकडा ०.४ च्या सुमारास उतरतें. वैशाखांत टपावरील प्लेट ६० अंशांपर्यंत तापली तर शेंकडा १४ वीज तेथेंच गेली. यासाठीं प्लेट पत्र्यास चिकटवून न बसवितां खालून वारा खेळेल अशी दोन-तीन बोटें उंच बसवावी.

शिल्लक ठेवण्याचें कोठार

दोन रात्रींची बेगमी म्हणजे ४०० वॅट-तास शिल्लक असावी. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करूं नये. म्हणून ८०० वॅट-तासांची, अर्थात् १२ व्होल्टची ६७ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची घेतल्यास ती शेंकडा ८० पर्यंत वापरतां येते. त्यामुळें ४० अँपिअर-तासांची पुरते. ती किंमतीनें जड पण वजनानें पुष्कळ हलकी असते व अधिक वर्षें टिकते. तिच्या आंत संरक्षक मंडल (बीएमएस) असल्याची खात्री करूनच ती घ्यावी.

शिशाची बॅटरी भरली जात असतां तिच्यांतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीनें पेटतो. यास्तव ती निजावयाच्या जागेपासून दूर, हवा खेळेल अशा पेटींत, पट्ट्यानें घट्ट आवळून ठेवावी. कोणत्याहि जातीची बॅटरी इंजिनाच्या उष्णतेजवळ ठेवूं नये.

प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्यें चार्ज कंट्रोलर अवश्य पाहिजे. १२ व्होल्टची म्हणून मिळणारी प्लेट कामावर असतांना १८ व्होल्टच्या आसपास वीज देते, आणि बॅटरीस तर १४ च्या थोडें पुढेंच सोसतें. पाटाच्या पाण्यास जशी वाफ्याच्या तोंडाशीं माती लावून आवरावें लागतें, तसें काम हें यंत्र करतें. वरील संचास १० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. मात्र आपल्या बॅटरीच्या जातीची सोय त्यांत आहे ना, हें पाहून घ्यावें.

तार आणि फ्यूज

या कामांत सर्वांत अधिक हयगय येथें होते. घरच्या २३० व्होल्टवर ६० वॅटला पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर त्याच ६० वॅटला ५ अँपिअर लागतात. प्रवाह मोठा म्हणून तार जाड हवी. जाऊन-येऊन ८ मीटर लांबीची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५.५ अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेंतच खाते. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही गळती ०.२ व्होल्टवर येते. पाटाची गळती बुजविणाऱ्या शेतकऱ्यास याचें महत्त्व अधिक सांगणें नलगे.

फ्यूजविषयीं तर आम्ही आग्रहानें सांगतों. आमच्या परिचयाच्या एका गाडीवर तालुक्याच्या ठिकाणच्या एका कारागिरानें सर्व जोडणी नीटनेटकी केली, पण फ्यूज घातला नाहीं. हौद्याच्या पत्र्याच्या धारेवर तार घासून घासून तिचें आवरण गेलें, आणि एके रात्रीं तार लालबुंद झाली. गोण्या ओल्या होत्या म्हणून आग पसरली नाहीं. १२ व्होल्टचा माणसास धक्का बसत नाहीं, यावरून लोक त्यास निरुपद्रवी समजतात. परंतु बॅटरीचीं दोन टोकें एकत्र आलीं तर शेंकडो अँपिअर प्रवाह वाहतो. यास्तव बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा, आणि पत्र्यांतून जेथें जेथें तार जाते तेथें तेथें रबराची कडी घालावी.

बसविण्याचा क्रम

प्लेट टपावर अॅल्युमिनियमच्या कोनांनीं व नटबोल्टांनीं आवळावी. केवळ चिकटद्रव्यावर भरंवसा ठेवूं नये, कारण धांवत्या गाडीवर वारा तिला खालून उचलूं पाहतो. छिद्रांभोंवतीं पाणी न शिरेल असा लेप द्यावा. कंट्रोलरला प्रथम बॅटरी जोडावी व मागाहून प्लेट. सोडवितांना आधीं प्लेट सोडावी. दिवे व पंखा १२ व्होल्टचेच घ्यावे. इन्व्हर्टर बसविला तर तो रिकामा असतांनाहि वीज खात राहतो.

हे करण्यापूर्वीं कायद्याकडेहि पाहावें. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील बदलेल असा फेरफार गाडींत परस्पर करतां येत नाहीं. टपाची उंची वाढविणें किंवा कायमची खोली बांधणें असा बेत असेल, तर आधीं परिवहन कचेरींत विचारणा करून लेखी उत्तर घ्यावें. तोंडी उत्तर कामास येत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

पुढील निगा

आठवड्यांतून एकदां प्लेट ओल्या फडक्यानें पुसावी. गाडी लिंबाच्या सांवलींत उभी करण्याचा मोह आवरावा. एका कोपऱ्यावर सांवली पडली तरी उत्पन्न बरेंच घटतें. खडबडीत रस्त्यांनीं नटबोल्ट ढिले होतात, ते महिन्यास आवळावे. शिशाच्या उघड्या बॅटरींत शुद्ध केलेलें पाणीच घालावें. हंगाम नसतांना हा संच पडून राहूं नये. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारें ९६ वॅट-तासांत भरते, तें काम तो दिवसा सहज करील, आणि गांवांत वीज गेली तर घरांतहि उजेड देईल.

वर सांगितलेल्या शेजाऱ्याच्या गाडीवर आतां असाच संच आहे, व दोन्ही बॅटऱ्या निराळ्या आहेत. त्यानें एका लहान वहींत रोजचा खर्च व बॅटरीचे व्होल्ट टिपून ठेवण्यास आरंभ केला आहे. ज्यांस हें काम करावयाचें असेल त्यांनीं वहीपासूनच सुरुवात करावी. एक आठवडा आपला खरा खर्च टिपून पाहावा, आणि मगच बाजारांत जावें.