सुईपासून आकड्यापर्यंत

१९९२-९३मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे जव्हार-मोखाड्याचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं. तेव्हा अंगणवाडीत लटकता स्प्रिंगकाटा असे. तो वाशाला अडकवायचा, खाली झोळीत बाळ ठेवायचं आणि त्याचे हातपाय झाडणं थांबलं की १०० ग्रॅमच्या रेघांवर सुई वाचायची. मूल कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत की चौथ्या, हे त्यावरून ठरे.

२००६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे निकष आले. भारतानं ते २००८मध्ये स्वीकारले. वर्षाच्या मुलग्याचं वजन ७.७ किलोच्या खाली गेलं तर कमी, ६.९च्या खाली तीव्र कमी. मध्ये अंतर ८०० ग्रॅमचं. चुळबुळत्या बाळापायी सुई दोन रेघा इकडेतिकडे झाली, तरी त्यातला पाव हिस्सा गेला. २०१४मध्ये जव्हार-मोखाडा ज्यात आले तो पालघर जिल्हा झाला, २०१८मध्ये पोषण अभियान आलं आणि अंगणवाड्यांच्या साहित्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला.

या काट्यात सुईचं काम लोड सेल करतो. धातूच्या पट्टीवर चार स्ट्रेन गेज, व्हीटस्टन ब्रिजमध्ये जोडलेले. ब्रिजला ५ व्होल्ट दिले की बाहेर येणाऱ्या दोन्ही तारांवर २.५ व्होल्ट असतात. हे कॉमन मोड व्होल्टेज. भार पडला की एक तार किंचित चढते, दुसरी तेवढीच उतरते. २० किलोचा सेल पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १० ग्रॅमला जेमतेम ५ मायक्रोव्होल्ट. ए-टू-डी कन्व्हर्टरनं मोजायचा तो एवढासा फरक. पण दोन्ही तारांची सामाईक पातळी कन्व्हर्टरला चालणाऱ्या पट्ट्यात बसली, तरच तो फरक खरा मोजला जातो. स्वस्त काट्यांत सर्रास दिसणाऱ्या एचएक्स७११ या कन्व्हर्टर चिपचा हा पट्टा ५ व्होल्टवर १.२ ते ३.७ व्होल्ट आहे. ब्रिज आपसूक त्याच्या मधोमध बसतो, म्हणून हे गणित सहसा कुणाला करावंच लागत नाही.

अडचण येते ती जोडणी बिघडल्यावर. पावसाळी ओलीनं ब्रिजची जमिनीकडची जोडणी गंजली, तिचा रोध वाढला, की मधली पातळी वर सरकते, ब्रिजला मिळणारे व्होल्ट घटतात आणि वजन कमी दिसू शकतं. रिकामा काटा मात्र शून्यच दाखवतो, कारण सुरू करताना तो असेल ती स्थिती शून्य धरतो. जुन्या काट्याची सरकलेली सुई सेविकेला लांबूनही दिसे. नव्याची खोट चकचकीत आकड्याआड दडते. म्हणून वजनाच्या दिवशी बाळाआधी ताटलीत एक किलोचं प्रमाणित माप ठेवून पाहावं. मुलाला उपचार मिळणार की नाही, हे काट्याच्या आकड्यावरही अवलंबून असतं.