सर्व्हर इन्स्टॉल होत नाही, लायब्ररी सापडत नाही : आता काय करायचं?

आजचा विषय जरा टेक्निकल आहे, पण फोनवर ऐकताना कमांड लिहून घ्यायची गरज नाही. कारण समजलं की कमांड शोधणं सोपं असतं.

प्रसंग असा. कॉलेज प्रोजेक्टसाठी किंवा छोट्या क्लायंटसाठी तुम्ही सर्व्हर घेतला. त्यावर उबंटू २२.०४ आहे. जुन्या कोडला मोंगोडीबी ४.४ हवंय. इन्स्टॉल करायला गेलात आणि एरर आली : 'डिपेंड्स लिबएसएसएल १.१, बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल'. मग आपण काय करतो? एरर कॉपी करून सर्च करतो आणि पहिली सापडलेली कमांड सुडो लावून चालवतो. इथेच थांबा. चुकीच्या कमांडने कधीकधी अख्खा सर्व्हर बसतो, आणि त्यावर लोकांचा डेटा असतो.

ही लायब्ररी म्हणजे नक्की काय?

सोसायटीत प्रत्येक फ्लॅटची वेगळी पाण्याची टाकी नसते, गच्चीवर एकच असते. लिनक्समध्येही तसंच. एनक्रिप्शनचा कोड प्रत्येक प्रोग्राम स्वतःसोबत आणत बसत नाही, ओपनएसएसएल नावाची सामायिक लायब्ररी वापरतो. उबंटू २०.०४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं. २२.०४ मध्ये थेट ३.० आलं आणि जुनं पॅकेज काढून टाकलं. मोंगोडीबी ४.४ मात्र जुन्या लायब्ररीवर बांधलेलं आहे, म्हणून ते नेमकी '१.१' नावाची फाइल मागतं.

मग काही जण जुगाड करतात : नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक देतात. दारावरची पाटी बदलली म्हणून आतला माणूस बदलत नाही! लायब्ररीच्या आतल्या फंक्शन्सवरही व्हर्जनचा शिक्का असतो, त्यामुळे लगेच दुसरी एरर येते : 'व्हर्जन ओपनएसएसएल १.१.० नॉट फाउंड'.

आधी निदान

एलडीडी ही कमांड प्रोग्रामच्या फाइलवर चालवा. त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी येते. जिच्यापुढे 'नॉट फाउंड' दिसेल, ती हरवलेली. फक्त अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका, कारण काही वेळा त्यात ती फाइलच रन होऊ शकते. मग ती लायब्ररी कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते उबंटू-डेबियनवर एपीटी-फाइलने शोधा, फेडोरा-रॉकीवर डीएनएफ प्रोव्हाइड्सने. बऱ्याचदा साधं एखादं पॅकेज राहिलेलं असतं आणि विषय तिथेच संपतो.

उपाय, याच क्रमाने

पहिला : तुमच्या ओएससाठी बनलेलं व्हर्जन घ्या. मोंगोडीबी ६.० च्या मालिकेत उबंटू २२.०४ चा सपोर्ट आला. पण जुना डेटा असेल तर ४.४ वरून थेट ६.० वर उडी मारता येत नाही. आधी ५.०, मग ६.०, पायरी पायरीनं, आणि प्रत्येक पायरीआधी बॅकअप. अजून एक गोष्ट : ५.० पासून प्रोसेसरला एव्हीएक्स लागतं. जुन्या मशीनवर 'इलिगल इन्स्ट्रक्शन' आलं, तर तो लायब्ररीचा प्रॉब्लेमच नाही.

दुसरा : जुनंच व्हर्जन हवं असेल तर डॉकर. कंटेनर कर्नल तुमचंच वापरतो, पण लायब्रऱ्या स्वतःच्या आणतो. आत उबंटू २०.०४ चं वातावरण, बाहेर तुमचं २२.०४ जसंच्या तसं. डेटा मात्र व्हॉल्यूममध्ये ठेवा, नाहीतर कंटेनर डिलीट केला की डेटाही गेला.

तिसरा, अगदीच नाइलाज असेल तर : उबंटू २०.०४ च्या अधिकृत संग्रहातून लिबएसएसएल १.१ चं पॅकेज घ्या. दोन्हींच्या फाइलची नावं वेगळी असल्यामुळे ती शेजारी शेजारी नांदतात. कुठल्याही भलत्या साइटवरून मात्र नको. ही एनक्रिप्शनची लायब्ररी आहे, घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाकडे देण्यासारखं होईल. आणि ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपलाय. म्हणजे उद्या त्यात भोक सापडलं, तर एरवीसारखा अपडेट येईल असं धरून चालू नका. हा उपाय तात्पुरता. डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका आणि अपग्रेडची तारीख आजच ठरवा.

याला हात लावू नका

'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड' अशी एरर आली तर जास्त सावध. नोड १८ ची तयार फाइल सेंटओएस ७ वर चालवली की हेच होतं, कारण तिथे जीलिबसी २.१७ आहे. जीलिबसीचा नियम सोपा आहे : जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर नाही. पण जीलिबसी म्हणजे इमारतीचा पायाच. ती हाताने बदलायला गेलात, तर एलएस, सुडो, लॉगिन, सगळंच एका फटक्यात बंद पडू शकतं. मग सर्व्हरमध्ये शिरून दुरुस्त करायलाही वाट उरत नाही. इथे कंटेनर, नाहीतर नवी ओएस. सेंटओएस ७ चा सपोर्टही ३० जून २०२४ ला संपलाय, तेव्हा नवी ओएसच बरी.

तसंच, जुन्या उबंटूचा अख्खा संग्रह एपीटीच्या यादीत कायमचा जोडून ठेवू नका. पुढे कधीतरी दोन्हीकडची पॅकेजेस एकमेकांत अडकतात आणि गुंता सुटत नाही.

लक्षात काय ठेवायचं? एरर पूर्ण वाचा, काय हरवलंय ते शोधा, आणि सिस्टिमला धक्का न लावता काम होतंय का ते आधी बघा. इन्स्टॉल करण्यापूर्वीच सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानावर आपल्या ओएसचं नाव आहे का तेवढं पाहिलंत, तर अर्धी डोकेदुखी वाचते.

तुमच्याकडे कुठली लायब्ररी अडून बसलीये? एररची पूर्ण ओळ कमेंटमध्ये टाका, पासवर्ड आणि आयपी तेवढा खोडून. भेटू पुढच्या भागात!